आधी धुणं विचारा, मग नक्षी

या महिन्याच्या टपालात गोधड्याच गोधड्या आहेत. शिवून झालेल्या, अर्ध्यावर थांबलेल्या, नुसत्या मनात बेतलेल्या, आणि दोन तर देऊन पस्तावलेल्या. सगळ्या कुणाला ना कुणाला भेट द्यायच्या. म्हणून यावेळचं सदर गोधडीचंच. पडद्यांची आणि ब्लाउजच्या बाह्यांची पत्रं पुढच्या वेळी घेते, रागावू नका.

पत्रं चाळताना एक गोष्ट मात्र खटकली. रंग कोणते घेऊ, नक्षी कोणती धरू, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. ज्या माणसाला गोधडी द्यायची तो कपडे कसे धुतो, हे एकानेही लिहिलेलं नाही. बादलीत भिजवून घासणारा आहे की मशीनमध्ये कोंबून बटण दाबणारा? जड ओलं पांघरूण वाळत घालायला त्याच्याकडे जागा तरी आहे का? जे धुता येत नाही ते लोक वापरायला काढत नाहीत, आणि पहिल्याच धुण्यात बिघडलं तर दुसऱ्यांदा काढत नाहीत. तेव्हा माझी उत्तरं फिरून फिरून मोरीकडे गेली तर सोसून घ्या.

काकू, भावाच्या घरी तीन महिन्यांनी बाळ येणार आहे. आत्याकडून पहिली भेट माझ्या हातची गोधडी असावी असं फार वाटतं. मशीन घरात आहे, पण उशांचे अभ्रे आणि पडदे यापलीकडे काही शिवलेलं नाही. केवढी करू, कापड किती घेऊ? मऊ व्हावी म्हणून आत जाड फायबर भर, असं मैत्रीण म्हणते. — होऊ घातलेली आत्या

अभ्र्याची शिवण सरळ येते ना? मग पुरे. चौकोनांच्या गोधडीला सरळ टिपेपलीकडे काही येण्याची गरज नाही.

पाच इंचांचे चौकोन काप. चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, शिवणीत गेली की साडेचार इंच उरतात. आडवे आठ आणि उभे नऊ, असे ७२ चौकोन जोडले की ३६ बाय साडेचाळीस इंचांची गोधडी होते. बाळाला हे माप भरपूर झालं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाच्या एका पाच इंची पट्टीतून आठ चौकोन निघतात, म्हणजे नऊ पट्ट्या लागतील, एकूण सव्वा मीटर. चार रंगांत घेणार असशील तर प्रत्येकी अर्धा मीटर घे, उरलेल्यात गोट, म्हणजे कडेला दुमडून लावायची पट्टी, निघेल. अस्तराला दीड मीटर घे. हे माप त्या पन्ह्यात सांधा न घालता बसतं, म्हणूनच मी ते सुचवते.

माया पाव इंच म्हणजे पाव इंचच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक बाजूला नुसतं अर्धं सूत जास्त गेलं तर चौकोनामागे एक सूत गेलं, आणि नऊ चौकोनांची रांग इंचभराहून जास्त आखूड झाली. मग कोपरे जुळत नाहीत आणि बाई म्हणते, मला नक्षी जमत नाही. नक्षीचा काय दोष? मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लाव. त्या कडेला कापड टेकवून शिवत जा, डोळ्यांनी अंदाज घ्यायची गरजच पडत नाही.

रांगा शिवून झाल्या की इस्त्री करताना एका रांगेच्या शिवणी डावीकडे पाड, पुढच्या रांगेच्या उजवीकडे. या दोन रांगा सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवल्यास आणि सांध्यावर बोट फिरवलंस, की दोन्ही शिवणी एकमेकींना टेकून बसलेल्या बोटाला कळतात. तिथे टाचणी लाव. ते जाणवलं नाही तर टाचणी लावू नकोस, कापड आणखी थोडं सरकव.

आता कापड. सुती घे आणि कापण्याआधी धू. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच आटू शकतं. अस्तर आटलं आणि वरचं तसंच राहिलं तर गोधडी पिशवीसारखी फुगते. मैत्रिणीचं जाड फायबर नको. बाळाचं पांघरूण किती वेळा धुवावं लागतं हे भावाला लवकरच कळेल, आणि जाड भरण आतून वाळायला वेळ घेतं. आत पातळ सुती थर घाल. जुनी, मऊ पडलेली, पण न विरलेली सुती चादर त्याला उत्तम. तिन्ही थर जमिनीवर ताणून पसर, मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालत जा, आणि मग तीन-चार इंचांच्या अंतराने सरळ टिपा मार. बटणं, मणी, लोंबती फीत, गोंडे यांतलं काहीही लावायचं नाही. बाळाच्या हाती लागलेली वस्तू तोंडात जाते.

आणि हे भावाला-वहिनीला स्पष्ट सांग. बाळाचं वर्ष पूर्ण होईपर्यंत ते झोपतं तिथे ही गोधडी नको. पांघरायला नको, खाली मऊ म्हणून नको, कडेला लोड करून तर नकोच. मऊ कापड तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२२ मध्ये ज्या सूचना नव्याने दिल्या, त्यांतही बाळाच्या झोपण्याच्या जागेत गोधड्या, उशा, मऊ खेळणी ठेवू नका असं सांगितलंय. मग वर्षभर करायचं काय? जमिनीवर पसरायची. बाळ जागं आहे, पालथं पडलंय, समोर कुणीतरी बसलंय, आणि बाळ लाल चौकोनाकडे सरकायला बघतंय. यासाठी केलेली गोधडी जास्त वापरात येते, असा माझा अनुभव आहे.

ताई, पत्नी गेली काही वर्षं चाकांच्या खुर्चीत असते. तिच्या मांडीवर टाकायला एक छोटी गोधडी मी स्वतः करतोय. निवृत्तीनंतर शिवण शिकलो, घरातले हसतात. बाजारच्या शाली घसरून चाकात जातात. माझ्या गोधडीचं माप काय असावं? — शिकाऊ शिंपी

दादा, हसू द्या. हसणाऱ्यांना दोरा ओवून द्यायला बसवा.

माप आधी खुर्चीचं घ्या. वहिनी बसलेल्या असताना कमरेपासून पायाच्या घोट्यापर्यंतची लांबी मोजा, आणि रुंदी हाताच्या एका दांडीच्या आतल्या बाजूपासून दुसरीच्या आतल्या बाजूपर्यंत. त्या रुंदीत दोन्हीकडे पाय झाकण्यापुरती भर घाला, पण कड चाकापर्यंत लोंबता कामा नये. बहुतेकांना ३६ बाय ४२ इंचांच्या आत भागतं. शाल घसरते ती गुळगुळीत असल्याने, म्हणून अस्तराला फ्लॅनेल लावा, ते कपड्याला धरून राहतं. खालचे दोन कोपरे गोल कापा, टोकदार कोपराच आधी चाकात जातो. गोल कोपऱ्याला सरळ पट्टीचा गोट चुण्या पाडतो, तिथे उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टीच लागेल. झालर, गोंडे, बांधायचे बंद अजिबात नकोत.

वरच्या बाजूला आडवा, उथळ खिसा शिवा. रुमाल, चष्मा, फोन, जे त्यांच्या हाताशी लागतं ते त्यात राहील. खिसा उजवीकडे की डावीकडे हे त्यांनाच विचारा. आणि वजन पाहा. आत जाड थर घातलात तर तासाभराने मांड्या भरून येतात, आणि त्या तुम्हाला सांगणारही नाहीत, कारण तुम्ही शिवलीय. आत फ्लॅनेलचाच एक थर पुरेल. एक झाली की त्याच मापाची दुसरी करा. पहिली वाळत असेल तेव्हा काय पांघरायचं?

काकू, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचे सदरे अजून कपाटात आहेत. आईला आणि आम्हा तिघा भावंडांना एकेक गोधडी करावी असं मनात आहे, पण कात्री हातात घेतली की पुढे जात नाही. सदऱ्यांबरोबर एक लोकरी स्वेटर, एक रेशमी झब्बा आणि काही टी-शर्टही आहेत. — मधली मुलगी

मग आज कापू नकोस. आधी आईशी बोल. ते सदरे टांगलेले बघायची तिला सवय असेल, तुला ठाऊकही नसेल. ती हो म्हणाली तरी एक सदरा अख्खा ठेव, तिने निवडलेला. दुसरी गोष्ट वासाची. शिवण्याआधी कापड धुवावंच लागतं, आणि धुतलं की माणसाचा वास जातो. ज्या कपड्याला तो अजून आहे, तो तसाच बंद पिशवीत बाजूला ठेव. हे आधी सांगते, कारण ते नंतर भरून काढता येत नाही.

कात्री चालत नसेल तर उसवण्यापासून सुरुवात कर. कॉलर झिजलेला एखादा सदरा घे, जो बाबांनी स्वतःच टाकून दिला असता. कॉलर, कफ आणि बटणपट्टी वेगळी काढ. मग बाजूची शिवण उसव. आत दुमडलेल्या मायेत कापडाचा मूळ रंग सापडेल, बाहेर फिकट निळा आणि आत बोटभर पट्टी गडद. पुष्कळ जण ती कापून टाकतात. तू चौकोनात येऊ दे. नव्या कापडात विकत घेऊन मिळणार नाही असा तो पट्टा आहे, आणि धूतधूत किती वर्षं तो सदरा अंगावर होता हे त्यातच दिसतं. खिसा उसवू नकोस, त्याच्याभोवतीच चौकोन काप. आईच्या गोधडीतला खिसा उघडाच राहू दे.

हिशेब असा. पूर्ण बाह्यांच्या मोठ्या सदऱ्यातून पाच इंची तीसेक चौकोन सहज निघतात, पाठीतून सगळ्यांत जास्त. अकरा बाय तेरा चौकोनांची गोधडी ५० बाय ५८ इंचांच्या आसपास होते आणि तिला १४३ चौकोन लागतात. चार गोधड्यांना ५७२, म्हणजे वीसेक सदरे. इतके नसतीलच. एक चौकोन सदऱ्याचा, एक साध्या कापडाचा असं केलंस तर दहांत भागेल, आणि पट्टे-चौकड्यांची गर्दीही होणार नाही. साधं कापड चौघांसाठी वेगवेगळ्या रंगाचं घेतलंस तर कुणाची कोणती हे कळेल. मी तरी तसंच करीन.

स्वेटर गोधडीत घालू नकोस. लोकर पाण्यात घुसळली की आटून घट्ट होते, शेजारचं सुती कापड आटत नाही, आणि सगळं मिळून चुरगळून जातं. त्याचा उशीचा अभ्रा कर. टी-शर्ट ताणले जातात, म्हणून कापण्याआधी उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लाव आणि मगच चौकोन आख. रेशमी झब्बा खिडकीच्या उजेडासमोर धर. घडीच्या रेघेवर उजेड आरपार आला, किंवा दोन अंगठ्यांत हलकेच ताणल्यावर चर्र झालं, तर तो धुण्यात टिकणार नाही. त्याचा एखादा तुकडा चौकटीत लाव. सदऱ्याचं कापड जागोजागी विरलेलं असेल तर मागून पातळ मलमल जोडून घे.

अलाबामातल्या जीझ बेंड या वस्तीतल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली होती. त्यांची लेक अर्लोन्झिया पेटवे हिने पुढे सांगितलं, की आईला त्याची आठवण तर ठेवायची होतीच, पण त्या कपड्यांखाली प्रेमाने पांघरून पडायचंही होतं. २००२ पासून जीझ बेंडच्या गोधड्या अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून मांडल्या गेल्या, लोक त्यांच्यापुढे उभे राहून चित्रासारखे बघतात. बघू देत. ती बाई शिवायला बसली होती ती पांघरण्यासाठी. तूही चौघांना पांघरता येतील अशाच कर, भिंतीवर चौकट करून लावायच्या नकोत.

काकू, मैत्रिणीच्या लग्नाला गोधडी दिली, सहा महिने खपून. परवा तिच्याकडे गेले तर त्यावर तिचा कुत्रा झोपलेला! — दुखावलेली

काकू, वहिनीला दिलेली गोधडी तिने आजतागायत उलगडलेली नाही. म्हणे, वापरली तर खराब होईल. प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलीय. — तीही दुखावलेली

तुम्ही दोघी एकमेकींचा पत्ता घ्या.

पहिलीला एवढंच सांगते, की कुत्रा घरातली सगळ्यांत बरी जागा शोधून काढतो. आणि गोधडी दिली ती दिली. तिने ती गाडीत टाकली, मुलाच्या तंबूचं छप्पर केली किंवा कुत्र्याखाली घातली, तर तो तिचा प्रश्न. ती धुतली जात असेल, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

दुसरीला काम आहे. प्लॅस्टिक आधी काढायला लावा. आत दमट हवा अडकून राहते आणि कापडावर बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या, धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून ठेवायला सांगा, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालायला. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं घडी राहिली तर कापड तिथेच फाटतं, न वापरता. हे वहिनीला कळलं की ती कदाचित पांघरायलाच घेईल. पुढच्या वेळी गोधडी देण्याआधी तुम्ही स्वतःच एकदा धुवा आणि सुरकुतलेली, मऊ झालेली अशी द्या. कडक इस्त्रीची नवीकोरी वस्तू लोकांना वापरायला भीती वाटते.

ताई, आमच्या गटातली एक मैत्रीण कायमची परदेशी चाललीय. आम्ही बारा जणी मिळून तिला गोधडी करतोय, प्रत्येकीने एक ब्लॉक, म्हणजे एक मोठा चौकोन, करायचा. तीन जणी सुरेख शिवतात, चौघींना बरं येतं, बाकीच्यांबद्दल न लिहिलेलंच बरं. एकसारखं कसं दिसेल? — बारा जणींतली एक

एकसारखं दिसायला हवंय कशाला? मापात मात्र हवं.

कापड एकीनेच आणायचं, एकीनेच धुवायचं आणि एकीनेच कापून वाटायचं. साडेबारा इंचांचा ब्लॉक हवा असेल तर तेरा इंचांचा करायला सांगा, आणि सगळे हातात आले की तुम्ही एका बैठकीत साडेबारावर छाटा. कडेपासून एक इंच मोकळं सोडायला सांगा, नाहीतर कुणाचं तरी नाव शिवणीत जातं. तारीख खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची द्या. कारण तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी कापडावर लिहावं, धुऊन न जाणाऱ्या शाईने. लिहिताना कापडाखाली बारीक पॉलिश पेपर ठेवला की ते सरकत नाही, अक्षर नीट येतं. सह्यांच्या अशा गोधड्यांची अमेरिकेत १८४० च्या सुमाराला लाटच आली होती. त्या काळी तिथली माणसं पश्चिमेकडे दूर निघून जायची आणि मागे राहिलेल्या बायका नावं लिहून सोबत द्यायच्या. तुमची गोष्ट काही नवी नाही.

वेगवेगळ्या हातांचं म्हणाल तर 'राजा' जहाजावरची गोधडी आठवते. १८४१ मध्ये इंग्लंडमधून व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, १८० कैदी बायकांना घेऊन ते जहाज निघालं. कैदी बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने त्या बायकांना शिवणाचं सामान दिलं होतं. त्यात शंभर सुया होत्या, अंगुस्तान होतं, आणि कापडाचे दोन पौंड तुकडे होते. प्रवासात त्यांनी २,८१५ तुकड्यांची एक मोठी गोधडी केली आणि ज्यांनी सामान दिलं त्यांनाच ती कृतज्ञतेने भेट म्हणून शिवून अर्पण केली. कुठे टाके अगदी बारीक आहेत, तर कुठे नवशिके, वाकडे. ती आता कॅनबेरामधल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. वापरली गेली नाही म्हणून टिकली, हेही खरं. माझ्या म्हणण्याच्या अगदी उलट जातं, पण असो.

तुमच्या सुरेख शिवणाऱ्या तिघींना एक ताकीद द्या. दुसरीचा ब्लॉक गुपचूप उसवून नीट करायचा नाही. मैत्रिणीला त्या वाकड्या टाक्यांवरूनच कळेल, कुणाचा कुठला.

बाळ, सांध्यांच्या दुखण्याने माझी बोटं वळत नाहीत. नातीचं लग्न ठरलंय, तिला गोधडी द्यायचीय. सुई धरवत नाही. मशीनवर केली तर ती हातची म्हणायची का? — आजी

आजी, मशीन काय आपोआप चालतं? ती हातचीच.

वरचा थर मशीनवर होऊ द्या, आणि चौकोन मोठे धरा, दहा इंची. कापायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, कात्रीनेच बोटं जास्त धरतात. तिन्ही थर एकत्र करताना सबंध गोधडीभर टाके घालायची गरज नाही, गाठी मारा. भरतकामाचा जाड सुती दोरा घ्या, मोठ्या नेढ्याची सुई वरून खाली घालून जवळूनच वर काढा, पुन्हा एकदा तसंच, आणि दोन उलटसुलट गाठी घालून टोकं बोटभर ठेवून कापा. चार-चार इंचांवर एक. सुई ओढताना निसटते तिथे रबरी फुग्याचा तुकडा बोटांत धरा, चिमटीत जोर लावावा लागत नाही. एका वेळी थोड्याच गाठी आणि मग थांबायचं. पुऱ्या झाल्या नाहीत तर उरलेल्या गाठी नातीकडूनच मारून घ्या.

काकू, गडद लाल आणि पांढरी गोधडी केली, पहिल्याच धुण्यात पांढरं गुलाबी झालं. उद्या द्यायचीय! — गुलाबी

वाळवू नका. अजून ओली असेल तर टबात भरपूर पाणी, साबण जास्त, कापडाला सोसेल इतकं गरम, आणि गोधडी पूर्ण बुडवून रात्रभर. पाणी लाल झालं की बदला, स्वच्छ राहीपर्यंत. बऱ्याचदा निघतं. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुटणारा रंग पक्का होतो, ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर विसंबू नका. पुढच्या वेळी लाल, काळं आणि गर्द निळं कापड घेतलंत की एक कोपरा पेलाभर गरम पाण्यात बुडवून, पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. चिंधी रंगली तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी बसवायचं नाही. आणि उद्या देता येत नसेल तर परवा द्या, कुणी परत पाठवणार नाही.

ताई, गोधडीवर स्वतःचं नाव घालावं का? मला तो आगाऊपणा वाटतो. — अनामिक

घाला. जुन्या बहुतेक गोधड्यांमागच्या बायांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, कारण त्यांनाही तो आगाऊपणा वाटला असणार.

अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा साधा सुती तुकडा लावा. त्याच्या दोन कडा गोटाच्या शिवणीत पकडा म्हणजे तो निघणार नाही. त्यावर तुमचं नाव, ज्याला देताय त्याचं नाव, वर्ष, कापड कुणाच्या कपड्यांचं असेल तर ते, आणि कशी धुवायची हे लिहा. "गार पाणी, हलका साबण, पिळू नये, आडवी वाळवावी" एवढं पुरतं. शाई वापरणार असाल तर आधी एका चिंधीवर लिहून ती चार वेळा धुऊन पाहा.

उरलेले तुकडे मात्र स्वतःकडे ठेवू नका. प्रत्येक कापडाचा एक याप्रमाणे छोट्या पिशवीत घालून गोधडीबरोबर द्या, पुढेमागे भोक पडलं तर ठिगळाला होतील. आणि सांगून ठेवा, की गोधडी धुवाल तेव्हा ती पिशवीही तिच्याबरोबर धुवा. नाहीतर दहा वर्षांनी गोधडी सगळी विटलेली असते आणि ठिगळ तेवढं दुकानातून आत्ता आणल्यासारखं लखलखतं.